हद्दीबाहेरची सुई

सरकारी पोस्टरवरची आई नेमकी कुठल्या गावात राहते, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. गोरी, गुटगुटीत, केसांत गजरा, मांडीवर तसंच गुटगुटीत बाळ आणि शेजारी हसरी नर्स. उमरेडच्या पुढे, सडकेपासून आत असलेल्या ज्या गावात माझी नेमणूक झाली, तिथल्या उपकेंद्रात हे पोस्टर माझ्या आधीपासून चिकटवलेलं होतं. उपकेंद्र म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली. पुढच्या अर्ध्यात टेबल आणि तपासायचा बाक, मध्ये पडदा, मागच्या अर्ध्यात माझी खाट, स्टोव्ह आणि चार भांडी. त्या गावात माझ्याकडे बघून हसणारी बाई एकच होती, ती पोस्टरमधली नर्स.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. माझी विशी नुकतीच उलटली होती. मी नागपुरात वाढलेली. आईवडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्यानंतर माझा जन्म. घरात एकच नियम होता, पोरींनी शिकायचं आणि मान खाली घालायची नाही. नर्सिंगचं ट्रेनिंग चालू असताना प्रताप नगरातल्या एका मास्तरीणबाईंच्या घरी आमचा गट जमायचा. तिथे मी पत्रकं लिहायला शिकले. स्टेन्सिल कापायची, शाईचा रोलर फिरवायचा, कागद वाळत घालायचे. पत्रकाची रीत ठरलेली असायची : आधी सवाल, मग जबाबदार कोण ते, आणि शेवटी मागणी. ‘आईचं आणि बाळाचं आरोग्य हा हक्क आहे, उपकार नव्हे’ ही ओळ माझी. दवाखान्यांच्या फाटकांबाहेर उभं राहून आम्ही ती वाटली. लोकांनी घेतली, घडी घातली आणि तिच्यात शेंगदाणे बांधले.

नेमणूक झाल्याचं सांगितलं तेव्हा गटातल्या एकानं विचारलं, “म्हणजे आता तू नसबंदीची माणसं पकडत फिरणार?” सगळे हसले. मीही हसले. गावात पोचल्यावर कळलं की गावाचाही सवाल हाच आहे. फरक इतकाच की गाव हसत नव्हतं.

आणि गावानं हसावं तरी का? आणीबाणीतल्या नसबंदीच्या त्या दिवसांना तीन-चार वर्षंच झाली होती. जीप आली की पुरुष तुरीच्या वावरात लपून बसायचे, हे लोकांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. जीपच्या पुढच्या सीटवर पांढऱ्या साडीतली नर्स असायची. ती मी नव्हते, पण साडी तीच होती. मी गल्लीत शिरले की दारं लोटली जायची. पोरं ओरडायची, “सुईवाली आली, सुईवाली आली!” एका घरात लेकराला भरवणारी आई मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, “खा मुकाट्यानं, नाही तं नर्सबाईले बलावतो.”

महिन्याच्या मीटिंगला आरोग्य केंद्रात जायचे तेव्हा डॉक्टरसाहेबांचा पहिला प्रश्न, “ऑपरेशनच्या केसेस किती?” दुसरा प्रश्न, “का नाहीत?” गरोदर बायका, लहान मुलांच्या लसी ह्या गोष्टी शेवटी यायच्या, चहाचे कप उचलले जात असताना. मी एकदा बोलले की साहेब, ऑपरेशनच्या भीतीनं बाई गरोदरपणीसुद्धा माझ्याकडे येत नाही, तेव्हा तुम्ही एकाच बाईला दोन्ही कामं देऊन दोन्ही बुडवता आहात. ते म्हणाले, “सिस्टर, भाषण फार छान करता.” बाकीच्या नर्सेस खाली बघत राहिल्या. परतीच्या बसमध्ये त्यातली एकही माझ्या शेजारी बसली नाही.

एकटेपणाबद्दल लिहायची आमच्या पत्रकांत पद्धत नव्हती. तो खासगी मामला समजला जायचा. मला तो सरकारी मामला वाटतो. एका तरण्या, बिनलग्नाच्या मुलीला अनोळखी गावात एका खोलीत ठेवायचं, दाराला धड कडी नाही, शेजार नाही, आणि वर तिनं साऱ्या गावाच्या बायकांचा विश्वास जिंकायचा. विश्वास सोडा, मला कोणी पाणी विचारत नव्हतं. पहिल्या दिवशी आडनाव विचारून झालं होतं. गावातल्या आमच्या समाजाच्या वस्तीतल्या लोकांना माझा अभिमान होता, पण तोही लांबून. “आपली पोरगी नर्स हाय,” म्हणायचे आणि त्यांच्या बायका मला चुलीपाशी बसवायला लाजायच्या, मी शहरातली म्हणून. मला दोन्हीकडची घरं बंद. दुपारी मी पडद्यामागे बसून तांदूळ निवडायचे आणि निवडून झालेले पुन्हा निवडायचे. कधी कधी दिवसभरात तोंडातून एकच वाक्य निघायचं, “कितवा महिना?” तेही दारातून, आत न शिरता.

अशात ती आली. स्वतःच्या पायांनी. बोलावणं नाही, पाठपुरावा नाही. बाजाराच्या दिवशी दारात उभी राहिली, डोक्यावर पदर, हातात रिकामी थैली. वयानं माझ्याएवढीच असेल.

“बाई, ते धनुर्वाताची सुई तुमीच देता नं?”

मी उठून उभी राहिले. हे वाक्य त्या खोलीत आजवर कोणी उच्चारलं नव्हतं.

तिला पाचवा महिना होता. तिचं पहिलं लेकरू भिवापूरकडे, माहेरी झालं होतं. नाळ विळ्यानं कापली, वर राख दाबली. सात दिवस चांगलं दूध प्यायलं. मग तोंड मिटलं ते मिटलंच. “दूध टिपलं तरी गालावरून खाली ये. हात लावला का अंग असं ताठ होये, कमानीसारखं,” ती म्हणाली आणि बाकाच्या कडेवर हाताची कमान करून दाखवली. मग म्हणाली, “अन मले तं त्याले धड घेताही आलं नाही. बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत मिरच्यायचे देठ तोडून राहिली होती मी. हात असे भाजत होते का बस. धुतले, तेल लावलं, शेण लावलं. तरी वाटे, आपला हात लागला तं लेकराले झोंबन.”

बसस्टँडवर कोणीतरी तिला सांगितलं होतं की आईला आधी सुई दिली तर बाळाला हा रोग होत नाही. कोणीतरी! म्हणजे ज्या गोष्टीसाठी सरकारनं मला नेमलं, पगार दिला, पोस्टर छापलं, ती गोष्ट तिला बसस्टँडवरच्या बाईकडून कळली, एक लेकरू गेल्यावर. जबाबदार कोण, हा सवाल मी इथेही विचारते. उत्तर देणारा त्या खोलीत कोणी नव्हता.

मी सुई दिली. समजावून सांगितलं की ही एक पुरत नाही. महिन्याभरानं दुसरी घ्यायचीच, ती बाळंतपणाच्या बरीच आधी अंगात गेली पाहिजे, तेव्हाच आईच्या रक्तातून बाळाला आधार मिळतो. तिनं दोनदा विचारलं, “दुसरी नाही घेतली तं?” मी म्हटलं, “तर पहिली वाया गेली असं समज.” हे मी मुद्दाम कडक सांगितलं.

मग मी चहा टाकला. ती प्यायली. कप धुऊन पालथा ठेवला आणि म्हणाली, “साखर कमी टाकत जा वं बाई, दात पडतीन.” माझ्या खोलीत कोणी मला टोमणा मारला होता! मी दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यावर हसत होते.

त्यानंतर ती दर बाजाराला यायची. थैली दारात टेकवायची, बाकावर बसायची. सासूच्या नकला करायची. मी तिला पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे ते दाखवायचे. एकदा मला म्हणाली, “तुमचं लगन काहून नाही झालं?” मी म्हटलं, “मी पत्रकं लिहिते.” ती म्हणाली, “मंग? लिहिणाऱ्या बायायचे लगन नाही होत का?” मी स्टोव्हला पंप मारायला उठले.

दुसऱ्या सुईचा बाजार आला आणि ती आली नाही.

मी घरी गेले. सासू अंगणात तुरी पाखडत होती. मला पाहून सूप थांबलं नाही.

“सून कुठाय?”

“गेली मायच्या घरी.”

“आत्ताच? अन् दुसरं बाळंतपण तर सासरी करतात ना?”

“दुसरं कुठचं? पहिलंच तं हाय.” सूप झटकून तिनं मला नीट समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. “जे वाचलं नाही ते मोजत नसते, बाई. हेच पहिलं. अन पहिलं मायच्याच घरी. आमची रीत हाय.”

माझ्या कागदावर ती दुसरटकरीण होती. तिच्या घरात ती पहिलटकरीण. आणि ज्या घरात, ज्या विळ्यानं पहिलं गेलं, त्याच घरी ती परत पाठवली गेली होती, कारण पहिलं मोजायचं नव्हतं.

“ओटी भरायला कोण जाणार तुमच्याकडून?” मी सहज विचारलं.

“कोणी नाही जात. मागच्या खेपेले त्याइनंच आमचं लेकरू घालवलं. आता वाजतगाजत ओटी कशाले नेऊ?”

ह्या रीतीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आरोग्याच्या योजना आखणाऱ्यांना ती ठाऊकच नसावी असं वाटतं. नर्सची हद्द गावांवरून ठरते. बाई मात्र गावात राहत नाही, ती सासर आणि माहेर अशा दोन ठिकाणी अर्धी अर्धी राहते. ज्यांना मी पाचव्या महिन्यात तपासायचे त्या सातव्यात निघून जायच्या. आणि माझ्या गावांच्या लेकी बाळंतपणाला परत यायच्या, त्यांना मी कधी पाहिलेलं नसायचं. मी पोटं तपासली, पण त्या पोटांतली बाळं पाहिली नाहीत. बाळं पाहिली, ती अनोळखी आयांची. असं काम करणाऱ्या बाईला वर्षअखेरीला विचारा की तू कोणाला वाचवलंस. ती काय सांगणार?

मी आरोग्य केंद्रात गेले. आमच्या सुपरवायझर बाई वयानं मोठ्या, कामात पक्क्या, आणि थकलेल्या.

“तिचं माहेर तुझ्या हद्दीत आहे का?”

“नाही.”

“मग?”

“तिथली नर्सची जागा रिकामी आहे.”

“रिकामी आहे हे मला कळतं गं. मीच वर कळवलंय.”

“मग तिला सुई कोण देणार?”

“हे बघ, इथे पत्रक वाचायचं नाही. तू तुझी पाच गावं सांभाळ. उद्या तिथे जाऊन काही झालं, सुई पिकली, बाई आजारी पडली, तर निस्तरणार कोण? मी?” मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, “एका बाईत इतकं अडकू नये. ह्या नोकरीत जमत नाही ते.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. म्हणूनच मला जास्त राग आला.

सुट्टीच्या दिवशी मी निघाले. पांढरी साडी नेसले नाही. दारं बंद होऊ नयेत म्हणून मुद्दाम पेटीतली हिरवी, बारीक फुलांची नेसले, आईनं दिलेली. लसीची बाटली थर्मासमध्ये, त्यावर उमरेडच्या स्टँडजवळच्या रसवंतीतून मागून घेतलेला बर्फ. सिरिंज आणि सुया स्टीलच्या डबीत. हे सगळं कापडी पिशवीत घालून, वर टॉवेल. भिवापूरला बस बदलली, पुढे सडकेवर उतरून चालत गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरची वाळत घातली होती. लाल, नजर ठरणार नाही अशी. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात लावायची सोय नव्हती.

घर विचारलं तेव्हा एका पोरीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढे पळत सुटली. मी अंगणात पोचले तर एक म्हातारी दोन्ही हात वर करून आतल्या बाजूला ओरडत होती, “आले वं, आले! सासरचे आले! मी म्हटलंच होतं, येतीन म्हणून!”

ती तिची आत्याबाई. मागून आई आली, ओल्या हातानं. मी तोंड उघडायच्या आत माझ्या पायांवर पाणी पडलं. सतरंजी अंथरली गेली. आईनं कुंकवाचा करंडा आणून माझ्या कपाळाला बोट लावलं. मला आठवतंय, तिचं बोट थंड होतं. वर्षभरात माझ्या कपाळाला कोणाचा हात लागला नव्हता.

“एकट्याच आल्या?” आत्याबाईंनी विचारलं. “सासूबाई नाही आल्या?”

“नाही. मी त्यांच्या गावची, पण मी...”

“बसा, बसा. आधी पाणी घ्या. तोंड पाहा कसं लाल झालं उन्हानं.” पितळेचा गडवा माझ्या हातात आला. पोह्याची बशी आली, वर शेव. आत्याबाई शेजारीच टेकल्या आणि माझी पिशवी दाबून पाहायला लागल्या. “अव माय, गार लागून राहिलं! काय पाठवलं वं सासूनं, कुल्फी का काय?”

आई तोंडावर पदर घेऊन हसली. मलाही हसू आलं. हिरवी साडी, सासरचं गाव, सातवा महिना. त्यांचा हिशेब चोख होता. ज्या ओटीची ते रोज वाट पाहत होते, ती घेऊन मी आले होते. फक्त माझ्या पिशवीत नारळ नव्हता.

तेवढ्यात ती आतून आली. भिंतीला धरून, पोट बरंच पुढे आलेलं. मला पाहून तिचा चेहरा असा फुलला की मी सगळं विसरले.

“बाई! तुमी कशा आल्या वं इतक्या दूर?” आणि आईकडे वळून म्हणाली, “माय, ह्या आमच्या नर्सबाई. म्या सांगितलं होतं नं तुले, त्या!”

शेव खाणारा माझा हात थांबला. आत्याबाईंचाही पिशवीवरचा हात उचलला गेला.

“नर्स? सासरची नाही?”

“नाही,” मी म्हटलं. “मी तिला दुसरी सुई द्यायला आले आहे. धनुर्वाताची. पहिली दिली आहे, ही राहिली आहे.”

“ऑपरेशनची तं नाही?”

“बाळंत व्हायच्या आधी कोणी ऑपरेशन करतं का, आत्याबाई?”

“सरकारचं काय सांगावं!” मग त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, “आडनाव काय तुमचं?”

मी सांगितलं. पहिल्या दिवसापासून मला ते सांगायची सवय होती, खालच्या आवाजात कधीच नाही. घरात मला तसं शिकवलं नव्हतं.

आत्याबाई उठल्या, गडवा उचलला आणि अंगणाच्या कोपऱ्यात, भांडी घासायच्या राखेच्या ढिगाऱ्याजवळ नेऊन ठेवला. माझ्या डोळ्यांदेखत. वाईट शब्द एकही नाही. तितकं त्यांना पुरेसं होतं, आणि मलाही.

मला उठून जाता आलं असतं. पत्रक लिहिणारी मी तिथेच उभी राहून बोलूही शकले असते, शब्द सगळे तयार होते. पण बर्फ वितळत होता आणि ती भिंतीला धरून उभी होती. मी पिशवीतून डबी काढली आणि म्हटलं, “हे उकळायला एक भांडं लागेल. चुलीवर.”

“आमच्या भांड्यात?” आत्याबाई म्हणाल्या. “त्या फुटक्या मडक्यात उकळ म्हणा.”

“मडकं चालणार नाही. स्वच्छ पातेलं पाहिजे.”

मागचं लेकरू आईच्याच मांडीवर गेलं होतं, हे मला तिच्या लेकीनं सांगितलं होतं. ती चुलीपाशी गेली, वरणाचं पातेलं उतरवलं, वरण दुसरीकडे ओतलं, पातेलं घासलं, त्यात पाणी घेतलं आणि चुलीवर ठेवलं. रोजचं पातेलं.

“वहिनी, काय करून राहिली वं?” आत्याबाई ओरडल्या.

“भांडं घासता येते,” आई म्हणाली. “लेकरू घासून वापस येत नाही.”

पाणी उकळेपर्यंत आम्ही चौघी त्या चुलीकडे बघत बसलो. मी ती डबी तिच्या पाण्यात सोडली तेव्हा आईनं मान दुसरीकडे वळवली. हेही मी लिहून ठेवते. तिच्यात धीर आला होता, पण रीत गेली नव्हती. दोन्ही एकाच बाईत होतं, एकाच वेळी. आमच्या पत्रकांत अशा बाईसाठी एकही ओळ नव्हती.

लेकीला दंडात सुई दिली. तिनं दातावर दात दाबले, मग माझ्या कानाशी म्हणाली, “आता नाही नं होणार?”

मी म्हटलं, “नवं ब्लेड घे, उकळून. राख लावू देऊ नको. कोणी कितीही म्हटलं तरी.” ब्लेडचं पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं ते पोलक्यात ठेवलं.

निघताना करंडा बाहेर आला नाही. आई अंगणाच्या कडेपर्यंत आली, हातभर अंतर ठेवून. “ऊन लय हाय,” एवढंच म्हणाली. आतून लेकीचा आवाज आला, “येजा वं, बाई!” मी वळून पाहिलं तर आत्याबाई दारात उभ्या होत्या, त्यामुळे ती दिसली नाही.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं माझ्या कपाळाकडे पाहून विचारलं, “ओटीभरणाले गेल्ता का?” मी हो म्हटलं. उमरेडपर्यंत ती तिच्या लेकींच्या ओट्यांबद्दल बोलत राहिली. मी ऐकत राहिले. इतका वेळ कोणी माझ्याशी बोललं नव्हतं.

ही बातमी माझ्या आधी गावात पोचली. सासूनं पंचायतीत जाऊन सांगितलं की नर्सबाई आमच्या नावानं सोयऱ्यांकडे गेली, सतरंजीवर बसली, कुंकू लावून घेतलं, आमचं नाक कापलं. मी त्यांच्या नावानं गेले नव्हते, पण हे ऐकायला कोण बसलं होतं? ज्या ओटीला त्यांना जायचं नव्हतं, ती दुसरीच कोणी, तीही माझ्यासारखी, भरून आली असं त्यांना वाटलं. खरं दुखणं ते होतं. अर्जात मात्र शहाणपणानं एवढंच लिहिलं गेलं की नर्स हद्दीबाहेर जाऊन कामं करते आणि गावात सापडत नाही.

डॉक्टरसाहेबांनी मला उभं ठेवून विचारलं, “गेला होता?”

“गेले होते. सुट्टी होती.”

“लस सरकारी होती ना? सुट्टी तुमची असेल.”

सुपरवायझर बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. पण बाहेर आल्यावर हळूच विचारलं, “दिलीस का?” मी मान हलवली. त्या म्हणाल्या, “बरं,” आणि आत गेल्या.

माझी बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पुन्हा एक खोली, पुन्हा एक पडदा. गटातल्या लोकांना मी हे सांगितलं तेव्हा एकीला ते फार आवडलं. ती म्हणाली, जातीच्या प्रश्नावर ह्यातून उत्तम पत्रक होईल. मी म्हटलं, पत्रक होईल, पण मला फक्त एवढं कळायला हवंय की बाळ जगलं का. ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहत राहिली. त्यानंतर मी प्रताप नगरला जाणं कमी केलं. भांडण झालं नाही. नुसतं जाणं कमी झालं.

विचारणार कोणाला? तिच्या माहेरी मला दार नव्हतं, सासरी तर नव्हतंच. बाळंतपणाचे दिवस आले आणि गेले. मी नव्या गावात बायकांना विचारायचे, कितवा महिना, आणि मनात तिचा हिशेब करायचे : आता झालं असेल, आता सात दिवस झाले असतील, आता आठवा. तो आठवा दिवस मी किती वेळा काढला असेल, सांगता येत नाही, कारण पहिला दिवसच मला ठाऊक नव्हता.

ऑक्टोबरच्या उकाड्यात नागपूरला सगळ्या नर्सेसचं दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. पंखे बंद, हॉल भरलेला. समोर कोणी साहेब माता-बाल आरोग्यावर बोलत होते. जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी माझ्याजवळ डबा घेऊन आली. माझ्या जागी नेमलेली ती नवी नर्स होती. म्हणाली, “तुम्हीच का त्या? तुमच्याबद्दल फार ऐकलंय. अजून बोलतात.”

मी विचारलं, तुरी पाखडणारी सासू, तिची सून, माहेर भिवापूरकडचं, बाळंत होऊन सासरी आली का?

“आली ना. मागच्याच महिन्यात ट्रिपलची सुई दिली मी तिच्या पोरीला. बाप रे, काय पोरगी आहे! सासू धरते, आई धरते, कोणाला आवरत नाही. मी तोंडात पोलिओचे थेंब टाकायला गेले तर बोटच दातांत पकडलं. खालचे दोन दात आलेत नुकतेच.” तिनं डब्यातला हात बाहेर काढला आणि तर्जनी माझ्यासमोर धरली. “हे बघा. अजून आहे.”

नखाच्या खाली एक बारीक, निळसर खूण होती. मी तिचं बोट धरलं आणि उजेडाकडे नेलं. तिला वाटलं मला ती जखम तपासायची आहे.

“काही नाही हो, बरं झालंय,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “थांब जरा.” आणि ते बोट धरून तशीच बसले.